मृगाआधीची शाकारणी

सज्जनहो, नक्षत्रे काही कुणासाठी थांबत नाहीत. रोहिण्या सरतात आणि 7-8 जूनच्या सुमारास मृग लागतो. कौलारू घराचा शहाणा धनी त्याआधीच शिडी लावून छपरावर चढतो. घर पेटल्यावर विहीर खणायला निघालेल्याचे उदाहरण भर्तृहरींनी वैराग्यशतकात दिले आहे. धो धो पाऊस लागल्यावर छपरावर चढणारा त्याचाच सख्खा भाऊ!

आता शाकारणी म्हणजे काय, ते नीट पाहू. कौले उतरवायची, त्यांत अडकलेला पालापाचोळा आणि माती झाडायची, फुटकी वेगळी काढायची, वाळवी लागलेला वासा किंवा कुजलेली रीप बदलायची. मग पुन्हा कौले चढवायची, ती वळचणीकडून आढ्याकडे. खालच्या कौलावर वरच्याचे तोंड यावे, म्हणजे पाणी सरळ पागोळ्यांवाटे अंगणात जाते. कुणी घाईने आधी वर बसवू म्हणेल, तर पाणी घरात आलेच म्हणून समजा. परमार्थही असाच आहे. आधी आचाराची वळचण, मग ज्ञानाचे आढे. घरात आईबापांशी गोड बोलणे नाही, व्यवहारात खरेपणा नाही, आणि ब्रह्म सत्य की जगत् मिथ्या याचा वाद घालतो आहे; ते छप्पर आढ्याकडून बांधलेले!

दुसरी गोष्ट. उन्हाळ्यात दुपारी घरात कवडसे पडतात. पोरे ते मुठीत धरायला धावतात, आपल्यालाही गंमत वाटते. पण ज्या फटीतून आज कवडसा येतो, त्याच फटीतून आषाढात धार येणार आहे. भरल्या दिवसांत आपले दोष असेच गमतीचे दिसतात. ‘जरा तापट आहे हो, पण मनाचा चांगला,’ असे लोक म्हणतात नि आपण सुखावतो. दुखणे येते, पीक जाते, भाऊबंदकी उभी राहते, तेव्हा त्याच फटीतून सारे घर भिजते. म्हणून ऊन आहे तोवर कवडशाखाली उभे राहून वर पाहावे. कौल कुठले सरकले, ते तेव्हाच दिसते.

आणि गळती जिथे टपकते, तिथेच फट असते असेही नाही. पाणी वर एका जागी शिरते, वाशावरून ओघळत जाते आणि भलतीकडेच ठिबकते. खाली भांडे ठेवून भागत नाही. राग सुनेवर निघतो, पण फुटके कौल असते वर, आपल्या अभिमानात. नित्य हरिपाठ आणि संतसंग हा वर चढण्याचा जिना आहे. तो रोज चढावा.

यावर कुणी म्हणेल, ‘महाराज, नामदेवरायांची झोपडी तर देवानंच छावून दिली, मग आम्ही कशाला चढायचं?’ प्रश्न बरा आहे. शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात नामदेवरायांची 61 पदे आहेत. त्यांतल्या एका पदात शेजारीण विचारते की, तुझी झोपडी कोणी बांधली ते सांग, त्याला मी दुप्पट मजुरी देते. नामदेवराय सांगतात की, हा सुतार मजुरी म्हणून प्रीती मागतो; लोक आणि कुटुंब या सर्वांची आसक्ती तुटली की तो आपण होऊन येतो. तेव्हा देव छप्पर घालतो हे खरे, पण मजुरी आपण भरली आहे का? आणि आसक्ती तोडणे म्हणजे म्हाताऱ्या आईला गळक्या घरात सोडणे नव्हे. तसे करणारा आळस तोडत नाही, नुसते कर्तव्य तोडतो.

हे आज सांगण्याचे कारण असे. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून तुकोबारायांची आणि अष्टमीला आळंदीहून माउलींची पालखी निघते. आपण टाळ घेऊन निघणार. आपले घर शाकारले असेल, कुणाचे पत्र्याचे असेल, तर खिळे आवळले असतील. स्लॅबचे असेल, तर गच्चीवरचा पाला काढून पाण्याची वाट मोकळी केली असेल. पण शेजारी एखादी माउली एकटी असते. तिच्या छपरावर चढायला घरात पुरुष नाही, मजुरीला पैसा नाही. रात्रभर ती भांडी सरकवत बसणार आणि आपण दिंडीत नाचणार, हे पांडुरंगाला कसे गोड लागेल? चार वारकऱ्यांनी निघण्याआधी एक सकाळ काढावी, तिचे घर शाकारून द्यावे, आणि मजुरी विचारलीच तर ‘प्रीती’ म्हणावे. त्या सुताराचे हात कुठून येतात, ते मग तिला कळेल आणि आपल्यालाही.

असो. मृग दाराशी आला आहे. शिडी लावा, मुखाने नाम घ्या, आणि पाय जपून ठेवा.

रामकृष्ण हरि.