वेशीबाहेरची माती



प्रभू येशूने वेशीच्या बाहेर दुःख सोसले, असे इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या १३ व्या अध्यायात सांगितले आहे. वेस म्हणजे काय, हे आपल्या मंडळ्यांतील लोकांस समजावून सांगावयास नको. तिच्या आत कोणी राहावे व बाहेर कोणी, पाणी कोणी कोठून भरावे, मेलेले जनावर कोणी ओढून न्यावे, हे सर्व त्या एका दगडी कमानीने आपल्या वाडवडिलांस पिढ्यान्‌पिढ्या शिकविले.

आणि जो मनुष्य ख्रिस्ताचा होऊ पाहतो त्याला भाऊबंद पहिला प्रश्न बहुधा हाच करतात : "तू मेलास म्हणजे तुला खांदा कोण देणार? माती कोठे देणार?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पुष्कळ जण बाप्तिस्म्याच्या दारापर्यंत येऊन ह्याच प्रश्नापाशी थबकतात, हे आमच्या उपदेशक बंधूंस चांगले ठाऊक आहे. विश्वासणाऱ्यांचा बाप जो अब्राहाम, त्यालादेखील सारा मेल्यावर हेथी लोकांपुढे लवून जागा मागावी लागली व ४०० शेकेल रुपे तोलून द्यावे लागले (उत्पत्ती, अध्याय २३). तेव्हा आज आपण लंडन शहरातील एका जुन्या कबरस्थानाकडे वळू या. तेथे निजलेल्या पुष्कळ लोकांपुढे त्यांच्या हयातीत हाच प्रश्न उभा होता.

त्या जागेचे नाव बनहिल फील्ड्स. हे नाव 'हाडांची टेकडी' ह्या अर्थाच्या शब्दांवरून आले असे मानितात, आणि ते तिला शोभतेही. १५४९ साली सेंट पॉल ह्या थोरल्या मंदिराच्या आवारात साठलेली मनुष्यांची हाडे हजारांहून अधिक गाड्या भरून शहराच्या तटाबाहेरील दलदलीच्या माळावर आणून टाकिली, वर थोडी माती पसरली, आणि त्या उंचवट्यावर पुढे पवनचक्क्या उभ्या राहिल्या. १६६५ साली लंडनात प्लेगाचा कहर झाला तेव्हा शहराच्या कारभाऱ्यांनी येथील एक तुकडा कुंपण घालून दफनासाठी वेगळा काढिला. परंतु बिशपाच्या हातून ह्या भूमीचा समर्पणविधी कधी झाला नाही. जगाच्या दृष्टीने ही तिची उणीव. पण त्या उणिवेमुळेच ती देवाच्या लोकांच्या उपयोगी पडली.

ते कसे, हे समजण्यास त्या काळची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. इंग्लंडात राजाने मानलेली अशी एकच मंडळी होती. तिचे प्रार्थनेचे पुस्तक जसेच्या तसे पत्करावे असा कायदा १६६२ साली झाला, आणि ज्या पाळकांचे मन त्यास घेईना त्यांना आपल्या जागा सोडाव्या लागल्या. गावच्या मंदिराच्या आवारात कोणास पुरावयाचे तर ते तेथील पाळकाच्याच हातून व त्याच पुस्तकाप्रमाणे होई. १८८० च्या कायद्याने ती रीत बदलली. ज्याचा बाप्तिस्मा झाला नाही त्याच्यावर ती प्रार्थना म्हणत नसत, आणि बॅप्टिस्ट लोक तर बालकांचा बाप्तिस्मा करीतच नसत. अशा घरचे लेकरू दगावले म्हणजे बापाच्या मनाला काय होत असेल, ह्याचा विचार वाचकांनीच करावा. ख्रिस्ती म्हणविणाऱ्या देशात ख्रिस्ती मनुष्यांनीच ख्रिस्ती मनुष्यांस असे वागविले, हे आम्ही झाकून ठेवीत नाही. वेशी केवळ आपल्याच देशात बांधल्या जातात असे नाही.

अशा लोकांस तटाबाहेरची ती हाडांची टेकडी मोकळी सापडली. तेथे ते आपल्या मृतांस आपल्या पाळकाच्या प्रार्थनेने माती देऊ शकत. जॉन ओवेन व टॉमस गुडविन हे स्वतंत्र मंडळ्यांचे मोठे विद्वान तेथेच आहेत. १८१३ साली मुंबईस येऊन ज्या अमेरिकन मिशनने मराठीत सुवार्ता सांगितली तिचे मूळही बहुतांशी त्याच स्वतंत्र मंडळ्यांच्या परंपरेत आहे. म्हणजे त्या मातीशी आपले नाते अगदीच दूरचे नव्हे.

पण आपल्या लोकांस सर्वांत जवळचा वाटेल तो जॉन बन्यन. आपल्याकडे गावोगाव हिंडून भांडी डागणारे लोक येतात, तसाच त्याचा व त्याच्या बापाचा धंदा होता. शिक्षण जेमतेम. परवाना नसता उपदेश केला म्हणून १६६० साली त्याला बेडफर्डच्या तुरुंगात घातले आणि तेथे त्याची १२ वर्षे गेली. "पुन्हा उपदेश करणार नाही" एवढे कबूल केले असते तर दार उघडले असते. घरी बायको व चार लेकरे; त्यांतील थोरली मुलगी आंधळी. तिच्या आठवणीने त्याचे काळीज तुटे. तुरुंगात बसून नाड्या वळून त्या विकावयास पाठवाव्या, हाच त्याचा संसारास आधार. यात्रेकरूची जी कथा त्याने लिहिली तिचा पहिला भाग १६७८ साली छापला गेला, आणि १८४१ साली हरि केशवजी यांनी 'यात्रिक क्रमण' ह्या नावाने ती मराठीत आणिली.

त्याचे मरणही सांगण्यासारखे आहे. १६८८ च्या ऑगस्टात एका रागावलेल्या बापाचा व त्याच्या मुलाचा समेट करण्यासाठी तो घोड्यावर बसून दूर गेला. समेट झाला, पण लंडनास परतताना पावसाने तो चिंब भिजला, ताप भरला, आणि स्ट्रडविक नावाच्या किराणा दुकानदार मित्राच्या घरी ३१ ऑगस्ट रोजी त्याने प्राण सोडिला. त्याला जागा मिळाली तीही त्या मित्राच्याच थडग्यात. अरिमथाईच्या योसेफाची आठवण येथे कोणास होणार नाही? १८६२ साली थडगे नीट करून वर बन्यनची निजलेली मूर्ती बसविली. दोन बाजूंस दोन चित्रे कोरली आहेत : एकात पाठीवर ओझे घेतलेला यात्रेकरू, दुसऱ्यात वधस्तंभापाशी ते ओझे गळून पडलेले.

सुसाना वेस्ली हीही येथेच आहे. तिला १९ लेकरे झाली, त्यांतील पुष्कळ लहानपणीच गेली. उरलेल्यांस तिने स्वतः शिकविले. १७४२ साली मरताना तिने लेकरांस सांगितले की, माझा प्राण सुटताच देवाच्या स्तुतीचे गीत गा. त्यांनी गाइले. पुढे ह्याच जागी तिच्या कबरेपाशी तिचा पुत्र जॉन याने मोठ्या समुदायापुढे उपदेश केला. आपल्या गावी मयताच्या घरी ऊर बडवून घेण्याची चाल अजून पुरती गेलेली नाही. रडू नये असे आम्ही म्हणत नाही, प्रभूदेखील लाजाराच्या कबरेपाशी रडला; परंतु त्या घरात रडणे व गाणे दोन्ही झाले, हे भगिनींनी ध्यानात घ्यावे. रस्त्याच्या पलीकडे जॉन वेस्लीने १७७८ साली उघडलेले मंदिर आहे, आणि त्याची स्वतःची कबर त्या मंदिरामागे आहे.

गीतकार आयझॅक वॉट्स १७४८ साली वारले. आपल्या अंत्ययात्रेत तीन निरनिराळ्या पंथांचे दोन दोन पाळक असावेत अशी त्यांची इच्छा होती. एकाच तालुक्यात दोन मिशनांच्या मंडळ्या असूनही जेथे एकमेकींच्या मयतास कोणी जात नाही, तेथे ही गोष्ट वाचून दाखवावी. मेरी पेज नावाच्या एका बाईच्या दगडावर तिच्या जलोदराचा हिशेबच कोरलेला आहे : ६७ महिन्यांत ६६ वेळा तिच्या पोटातील पाणी काढिले, ते एकंदर २४० गॅलन भरले, आणि तिने कधी कुरकुर केली नाही. असला मजकूर दगडावर कोरावा की नाही ह्याविषयी मतभेद होईल. आम्हांस तो पुष्कळ स्तुतिलेखांहून अधिक आवडतो.

आता उपदेशक बंधूंसाठी एक गोष्ट. 'रॉबिन्सन क्रूसो' लिहिणारा डॅनियल डीफो १७३१ साली सावकारांपासून लपून राहिलेल्या स्थितीत मेला, आणि दफनाच्या वहीत त्याचे नाव 'डुबो' असे भलतेच लिहिले गेले. कवी व चित्रकार विल्यम ब्लेक १८२७ साली दारिद्र्यात मेला. त्याला सामाईक खड्ड्यात पुरले, त्याच खड्ड्यात आणखी कित्येक प्रेते होती, दगड तर नव्हताच. दुसऱ्या महायुद्धात तेथे बाँब पडून नासधूस झाली, १९६० नंतर एका भागातील थडगी काढून बाग केली, आणि ब्लेकची जागा अगदी नाहीशी झाल्यासारखी झाली. पण ओळीचे व जागेचे आकडे दफनाच्या वहीत नोंदलेले होते. त्यांवरून मोजमाप करून ती जागा पुन्हा ठरविली, आणि २०१८ साली, म्हणजे १९१ वर्षांनी, तिच्यावर दगड बसला.

हे कबरस्थान १८५४ साली बंद झाले. तोवर सुमारे १ लाख २३ हजार माणसे तेथे पुरली गेली असे धरितात; आज दगड दोन हजारांहून थोडे अधिक आहेत. आपल्या मंडळ्यांत तर बहुतेकांच्या वाट्यास मातीचा ढीग व चार धोंडे एवढेच येते, आणि दोन पावसाळ्यांत तेही सपाट होतात. प्रभूस त्यांची ओळख पटण्यास दगड लागत नाही. परंतु नातवंडांस लागते, आणि जागेविषयी गावात तंटा उपस्थित झाला म्हणजे कागदही लागतो. म्हणून ज्या मंडळीत दफनाची वही नाही तेथे ह्याच महिन्यात एक साधी कोरी वही विकत घ्यावी; वृद्ध मंडळींस घेऊन कबरस्थानात जावे, ज्यांची नावे त्यांना आठवतील ती कोणत्या झाडापासून वा बांधापासून किती पावलांवर हे मोजून लिहून घ्यावी, आणि नावे बरोबर लिहिली आहेत की नाहीत हे घरच्यांस वाचून दाखवावे.