बर्फात अडलेली यात्रा

केदारनाथच्या वाटेवर जोराचा बर्फ पडू लागला की यात्रेकरूंना सोनप्रयाग-गौरीकुंडलाच थांबवतात. २०२३ च्या मे महिन्यात तर बर्फामुळे यात्रेची नोंदणीच काही दिवस बंद होती. मुलांना सुट्टी लागल्यावर मुंबईतल्या चारकोपसारख्या उपनगरांतून चारधामला निघालेल्यांचे पुढचे सगळे आरक्षण अशा वेळी कोलमडते. त्याहून जिव्हारी लागणारा प्रश्न वेगळाच असतो: संकल्प करून निघालेली, पण दर्शनावाचून परतलेली यात्रा फळते का?

मीमांसकांचे उत्तर कडक आहे. नित्यकर्म यथाशक्ती केले, त्यातले एखादे अंग राहिले, तरी चालते. फळाच्या इच्छेने केलेले काम्यकर्म मात्र सांग व्हावेच लागते. नवस फेडायला निघालेल्याची यात्रा या न्यायाने अपुरीच ठरते. पण महाभारताचे वनपर्व तीर्थांची मोठी जंत्री देऊन झाल्यावर सांगते, की जिथे पोचता येत नाही तिथे मनाने जावे. अनुशासनपर्व त्याही पुढे जाऊन सत्य, आर्जव, अहिंसा यांनाच मानसतीर्थात जागा देते. महाराष्ट्राला हे परके नाही. २०२० साली करोनामुळे पायी वारी झाली नाही, संतांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या आणि लाखो वारकऱ्यांनी घरीच आषाढी केली. त्यांची वारी चुकली असे कोण म्हणेल?

हट्टाने पुढे जाण्यात श्रद्धा असते हे खरे, पण तिची किंमत एकटा यात्रेकरू मोजत नाही. त्याच्यासोबत डोलीवाले, खेचरवाले आणि शोधाला जाणारे जवानही बर्फात ओढले जातात. ऑगस्ट १९९६ मध्ये अमरनाथच्या वाटेवर हिमवादळात दोनशेहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर नेमलेल्या नीतीश सेनगुप्ता समितीने यात्रेकरूंच्या संख्येवर मर्यादा घालायला सांगितले. दुसऱ्याच्या जिवावर उदार होऊन मिळवलेल्या दर्शनाला पुण्य म्हणणे कठीण आहे.

खुद्द देवस्थानाने हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. सुमारे ३,५८० मीटर उंचीवरच्या केदारनाथ मंदिराची दारे भाऊबीजेला बंद होतात आणि पंचमुखी उत्सवमूर्ती पालखीतून उखीमठच्या ओंकारेश्वर मंदिरात येते. पुढचे सहा महिने केदारनाथाची पूजा तिथेच चालते. देवानेच बर्फापुढे मुक्काम हलवला, तर भक्ताच्या माघारी फिरण्याला दोष लागत नाही. वर जाता न आलेल्याला हिवाळ्यात उखीमठला दर्शन घेता येते आणि नवसही तिथे फेडता येतो.