हेमंतातील उदासपण आणि स्मरणधर्म

मार्गशीर्ष-पौषात पाचोडच्या परिसरात पहाटेचा गारठा वाढतो आणि दिवस आखडतो. जूनमधील सर्वांत मोठ्या दिवसाशी तुलना केली, तर डिसेंबरअखेरचा दिवस येथे दोन तासांहून अधिक उणा भरतो. या काळात कित्येक साधकांच्या मनावर अकारण उदासपण पसरते. पहाटे उठवत नाही, स्मरणास बसले तरी चित्त लागत नाही, भिक्षेस निघण्याचा उत्साह राहत नाही. वासनिकाचे पाऊल शेताकडे वळत नाही. त्याहून जड असते ते पुढचे दुःख. ‘आपली श्रद्धाच आटली, आपण धर्मास अपात्र ठरलो,’ असे वाटून साधक मनोमन खचतो आणि कोणास सांगतही नाही. म्हणून प्रेम आटणे आणि उत्साह मावळणे ही एकच गोष्ट आहे काय, हा विचार आधी केला पाहिजे.

या प्रश्नाचे उत्तर पंथाच्या इतिहासातच आहे. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी उत्तरापंथे गमन केल्यावर आचार्य श्रीनागदेव, म्हणजे भटोबास, वियोगदुःखाने व्याकुळ झाले. त्यांचे प्रेम उणे होते, असे कोण म्हणेल? पुढे ते रिद्धपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी राहिले. दुःख ओसरले, मग सेवा आरंभिली, असे तेथे घडले नाही. दुःखासह ते सेवेत आणि भक्तजनांच्या संगतीत राहिले. स्वामींच्या लीळांचे त्यांचे मनन चालू असता म्हाइंभटांनी त्या लीळा विचारून घेतल्या, आणि इतर भक्तांकडूनही मिळविल्या. त्यातून शके १२०० च्या सुमारास रिद्धपूरच्या वाजेश्वरीत ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले. एकाच्या अंतरीचा शोक सोबत्याच्या विचारण्याने वाणीवर आला आणि अवघ्या मार्गाचा आधार झाला.

येथे पाचोडकरांच्या परिचयाचा दृष्टान्त घ्यावा. आंबिया बहार धरण्यासाठी मोसंबीच्या बागेस हिवाळ्यात ताण देतात. पाणी तोडले की पाने पिवळी पडून गळू लागतात. अनोळखी मनुष्यास वाटावे, बाग गेली. जाणता बागवान मात्र तिच्यावर कुऱ्हाड चालवीत नाही. तो जमीन हलकी की भारी हे पाहून ताणाचे दिवस ठरवितो, वेळ येताच आळ्यात खत घालून बेताने पाणी सोडतो. मग नवी पालवी आणि कळी दिसू लागते. पण ताण मर्यादेबाहेर गेला, तर फांद्या वाळतात आणि झाडही दगावते.

दार्ष्टान्तिक असे: पाने गळाली म्हणून मूळ मेले, असे नव्हे. मन कोरडे पडले म्हणून अनन्यता गेली, असेही नव्हे. मात्र पाणी सोडावे लागते. उत्साह येईल तेव्हा स्मरण करू, असे म्हणणे म्हणजे फूल आल्यावर पाणी देऊ म्हणणे होय. नाम, मूर्ती, लीळा, चेष्टा या चारांचे स्मरण एकाच वेळी साधत नसेल, तर नाममात्र घ्यावे. एकांतात चित्त बुडू लागले, तर एखाद्या सधर्म्याशेजारी बसून एक लीळा ऐकावी. अटन घडत नसेल, तर उजाडताच वेशीपर्यंत तरी चालावे.

सकाळच्या प्रकाशाचे महत्त्व वैद्यकानेही मान्य केले आहे. हिवाळ्यात दरवर्षी उद्भवणाऱ्या उदासपणाचे वर्णन १९८४ मध्ये अमेरिकेत नॉर्मन रोझेन्थल व त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. उत्तरेकडील देशांत दिवस फारच लहान होतो. तेथे हा विकार अधिक आढळतो. प्रकाश उणावल्याने झोप-जागृतीचा क्रम बिघडतो, आणि सकाळच्या उजेडाने तो सावरण्यास साह्य होते.

ताणाची मर्यादा मात्र विसरू नये. उदासपण दोन आठवड्यांहून अधिक टिकले, अन्न-निद्रा तुटली, किंवा जगणेच नको असे वाटू लागले, तर ती व्याधी समजून विनाविलंब वैद्याकडे जावे. शासनाची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलते. ज्वरात औषध घेतल्याने धर्म उणावत नाही. येथेही उणावत नाही. महंतांनी व थोरांनीही अशा साधकास आळशी म्हणून दटावू नये. म्हाइंभटांप्रमाणे जवळ बसून ‘मनात काय चालले आहे?’ असे विचारावे, आणि तो बोलेल ते शांतपणे ऐकावे. या दिवसांत तीही सेवाच होय.

दंडवत प्रणाम.