न मागितलेलें हित

दुसऱ्याचें हित त्याच्या संमतीवांचून करण्याचा अधिकार कोणास, केव्हां व कितपत पोंचतो, हा नीतिशास्त्रांतील एक जुना प्रश्न आहे. धर्म, शिक्षण, राज्यकारभार अशा भारदस्त विषयांच्या अनुषंगानें त्याची चर्चा होते. पण कधीं कधीं एखादी क्षुल्लक दिसणारी वस्तुच त्याची अधिक कसून परीक्षा घेते. पिण्याच्या पाण्यांतील फ्लोराइड ही अशी एक वस्तु आहे. मुलांच्या दांतांस कीड लागूं नये म्हणून हा क्षार शहराच्या नळाच्या पाण्यांत मिसळावा कीं नाहीं, यावर अमेरिकेंत व युरोपांत गेलीं ऐंशीं वर्षें कडाक्याचा वाद चालू आहे. आमच्या देशांतील विवंचना नेमकी उलट, म्हणजे हाच क्षार पाण्यांतून काढावा कसा, ही आहे. हीं दोन चित्रें शेजारीं शेजारीं ठेवलीं असतां एक गोष्ट लक्षांत येते, जी त्यांपैकीं कोणतेंही एकच पाहणाऱ्यास सहसा दिसत नाहीं.

या क्षाराचा इतिहासच मोठा चमत्कारिक आहे. १९०१ सालीं फ्रेडरिक मॅके नांवाचा एक तरुण दंतवैद्य कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गांवीं धंदा करण्यास आला, तेव्हां तेथील कित्येक लोकांचे दांत तपकिरी डागांनीं भरलेले त्यास आढळले. गांवकरी त्याचा दोष कोणी डुकराच्या मांसास देत, कोणी निकस दुधास. मॅकेनें जवळजवळ तीस वर्षें या डागांचा पाठलाग केला व दोष पाण्यांत असावा अशी त्याची खात्री होत गेली. मौज ही कीं, डागाळलेल्या त्या दांतांस कीड मात्र फारशी लागत नसे! १९२३ सालीं आयडाहो प्रांतांतील ओकले या खेड्यांतील आयांनीं त्याचा सल्ला घेतला. त्याच्या सांगण्यावरून गांवानें उन्हाळ्याच्या झऱ्याचें पाणी सोडून दुसरें घेतलें, आणि पुढें ज्या मुलांचे पक्के दांत आले ते स्वच्छ निघाले. पाण्यांतील दोषी पदार्थ फ्लोराइड आहे, हें १९३१ सालीं एका ॲल्युमिनियम कंपनीचा रसायनज्ञ चर्चिल यानें ओळखलें. पाण्यांत दहा लाख भागांस एक भाग इतका क्षार असला तर डाग बहुतेक पडत नाहींत, पण कीड मात्र कमी होते, असें ट्रेंडली डीन या सरकारी दंतवैद्यानें नंतर गांवोगांव फिरून दाखविलें. दोष शोधावयास निघालेल्यांच्या हातीं असें औषध लागलें.

२५ जानेवारी १९४५ रोजीं मिशिगन प्रांतांतील ग्रँड रॅपिड्स शहराच्या पाण्यांत हें औषध पडूं लागलें. तुलनेकरितां शेजारचें मस्कीगन शहर तसेंच ठेवलें होतें. अकरा वर्षांनंतर पाहतां ग्रँड रॅपिड्समध्यें त्यानंतर जन्मलेल्या मुलांत किडीचें प्रमाण ६० टक्क्यांहून अधिक घटल्याचें दिसलें. पण मस्कीगनच्या लोकांस तितका धीर कोठला? त्यांनीं १९५१ सालींच आपल्याही पाण्यांत क्षार घालून घेतला आणि शास्त्रज्ञांची तुलना अर्ध्यावर राहिली. आम्हांस त्यांचा राग येत नाहीं. शेजारच्या मुलांचे दांत सुधारतांना पाहून आपलीं मुलें केवळ तुलनेकरितां ठेवणें कोणत्या आईबापांस रुचेल?

आतां आक्षेप पाहूं. पाण्यांत क्लोरिन घालतात तें पाणी निर्दोष व्हावें म्हणून. फ्लोराइड घालतात तें पिणाऱ्याच्या शरीरावर परिणाम व्हावा म्हणून. पहिली पाण्याची शुद्धि आहे, दुसरी मनुष्याची चिकित्सा आहे. चिकित्सा म्हटली कीं वैद्य रोग्याची नाडी पाहतो, वय विचारतो, मात्रा ठरवितो. येथें जलखात्याचा इंजिनियर एकच मात्रा तान्ह्या मुलास, म्हाताऱ्यास, मूत्रपिंडाच्या रोग्यास आणि उन्हांत राबून चौपट पाणी पिणाऱ्या मजुरास देतो, आणि यांपैकीं कोणासही विचारीत नाहीं. मिल्लनें १८५९ सालच्या आपल्या स्वातंत्र्यावरील निबंधांत जें म्हटलें, कीं मनुष्याचें स्वतःचें कल्याण हें त्याच्यावर जबरदस्ती करण्यास पुरेसें कारण नव्हे, तें येथें अक्षरशः लागू पडतें. मात्र मिल्लनेंच लहान मुलांस आपल्या नियमांतून वगळलें आहे, ही गोष्ट आक्षेपक सोईस्करपणें विसरतात. आणि दांत किडतात ते मुख्यतः मुलांचे.

आयर्लंडमध्यें हा वाद कोर्टांत गेला. ग्लॅडिस रायन या डब्लिनच्या गृहिणीनें १९६० च्या फ्लोराइडच्या कायद्याविरुद्ध सरकारवर दावा लाविला. १९६५ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें मोठा मार्मिक निकाल दिला. आपल्या शरीरास बाध न येऊं देण्याचा हक्क घटनेंत शब्दशः लिहिलेला नसला तरी तो नागरिकास आहे, असें न्यायाधीशांनीं मान्य केलें. परंतु या क्षारानें त्या हक्कास धक्का लागतो असें सिद्ध झालें नाहीं म्हणून दावा फेटाळला. बाई हरल्या, पण त्यांनीं मिळविलेलें तत्त्व पुढें इतरांच्या उपयोगीं पडलें.

ज्यास नको त्यानें घरीं गाळणी बसवावी किंवा दुसरें पाणी विकत घ्यावें, असें उत्तर पुष्कळदां दिलें जातें. तें आम्हांस पटत नाहीं. स्वातंत्र्य पैसे देऊन घ्यावयाचें असेल तर तें श्रीमंतांचेंच राहील. पण हाच न्याय विरोधकांसही लावला पाहिजे. ज्या घरांत दंतवैद्याची फी परवडते त्या घरानें ‘आमचें पाणी आम्हांस स्वच्छ द्या’ म्हणणें सोपें आहे. दाढ ठणकत रात्र काढणारें पोर बहुधा त्या घरांत नसतें. कॅनडांतील कॅल्गरी शहरानें २०११ सालीं क्षार घालणें बंद केलें. सात वर्षांनीं पाहतां तेथें दुसऱ्या इयत्तेंतील मुलांपैकीं शेंकडा सुमारें ६५ जणांचे दांत किडलेले होते. क्षार चालू ठेवणाऱ्या एडमंटनमध्यें हाच आंकडा ५५ होता. २०२१ सालीं लोकांनीं मत देऊन तो पुन्हां मागितला व २०२५ सालीं तो सुरू झाला. उलट स्वित्झर्लंडमधील बाझेलनें चाळीस वर्षांनंतर, २००३ सालीं, आपली योजना बंद केली. कारण तेथें फ्लोराइडचें मीठ दुकानांत मिळत होतें, व ज्यास नको त्यास साधें मीठ घेण्याची मोकळीक होती. आमच्या मतें या सर्व प्रकरणांत मिठाची ही तोड सर्वांत सभ्य होय.

शिवाय मूळ परिस्थितिच आतां पालटली आहे. हा क्षार पोटांत जाऊन जितका उपयोगी पडतो त्याहून दांताच्या पृष्ठभागीं लागून अधिक पडतो. आम्लानें झिजलेलें दंतवल्क पुन्हां भरून येण्यास तो मदत करितो. म्हणजे तें काम दंतमंजनाची पेस्टही करिते. पेस्ट घरोघर गेल्यानंतर पाण्यांतील क्षाराचा वेगळा फायदा बराच लहान राहिला आहे, असें २०२४ च्या कॉक्रेन संस्थेच्या पाहणीचें म्हणणें आहे. त्याच वर्षीं अमेरिकेच्या सरकारी विषशास्त्र-मंडळानें असा निष्कर्ष काढला कीं, लिटरास दीड मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइड व मुलांची कमी बुद्धि यांचा संबंध मध्यम खात्रीनें दिसतो. अमेरिकेंत घालतात त्या ०·७ मिलिग्रॅमविषयीं मात्र पुरावा अपुरा आहे. २०२५ सालीं यूटा व फ्लॉरिडा या संस्थानांनीं कायद्यानें ही पद्धति बंद केली. दीड मिलिग्रॅमचा दोष ०·७ च्या माथीं मारणें, हें पुराव्यापुढें धांवणें होय. पण फायदा लहान होत चालला असतां संमतीवांचून देण्याचें समर्थनही तितकेंच लहान होतें, हेंही नाकारतां येत नाहीं.

आतां आपल्या घरीं येऊं. मद्रास इलाख्यांतील नेल्लोर जिल्ह्यांत या क्षारानें माणसें पांगळीं होतात, हें १९३७ सालींच प्रसिद्ध झालें होतें. दांत डागाळतात हा त्याचा केवळ पहिला नमुना. वर्षानुवर्षें असें पाणी पोटांत गेलें कीं सांधे धरतात, पाठीचा कणा ताठतो, आणि चाळिशींतला माणूस काठीखेरीज उठत नाहीं. विहिरींच्या व तळ्यांच्या उघड्या पाण्यानें पटकी-नारू होई, म्हणून स्वातंत्र्यानंतर सरकारनें व परोपकारी संस्थांनीं गांवोगांव विंधनविहिरी खणून हातपंप बसविले. हेतु निर्मळ होता व पटकी-नारू हटलेही. परंतु खोल खडकांतील, विशेषतः ग्रॅनाइटच्या प्रदेशांतील, पाण्यांत कोठें कोठें हा क्षार मुबलक असतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं, चव नाहीं. उकळल्यानें तो जात नाहीं, उलट पाणी आटून अधिक दाट होतो. आमच्या महाराष्ट्रांतही यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांतील कांहीं गांवांस हा भोग आला आहे.

ग्रँड रॅपिड्समध्यें क्षार घालणाऱ्यास तो किती पडला हें मोजावें लागे, कारण तो त्यानें मुद्दाम घातला होता. हातपंप बसविणाऱ्यानें कांहींच घातलें नाहीं, म्हणून पुष्कळ ठिकाणीं त्यानें कांहीं मोजलेंही नाहीं. ‘आम्हीं केलें नाहीं, तें खडकांत होतेंच,’ हें उत्तर कायद्यास चालेल. नीतीस कसें चालेल? ज्या दिवशीं आपण एखाद्याची विहीर बुजवून त्यास आपल्या नळाचें पाणी पाजलें, त्या दिवशीं त्या पाण्यांतील प्रत्येक वस्तु आपल्या हिशोबीं जमा झाली, मग ती आपण घातलेली असो वा निसर्गानें. ग्लॅडिस रायन यांचा हक्क यवतमाळच्या मजुरणीस नाहीं असें कोण म्हणेल? तिच्या वतीनें मात्र फारसे खटले झालेले आम्हीं ऐकले नाहींत.

उपाय नाहींत असें नाहीं. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेनें तुरटी व चुना यांनीं पाण्यांतील फ्लोराइड खालीं बसविण्याची रीत शोधून काढली, व ती आंध्रांतल्या त्या वेळच्या नळगोंडा जिल्ह्याच्या नांवानें प्रसिद्ध आहे. रीत स्वस्त आहे. पण तुरटी रोज मापून घालावी लागते, गाळ रोज काढावा लागतो, आणि यंत्राचें उद्‌घाटन करणारे पुढारी गाळ काढावयास येत नाहींत. कित्येक ठिकाणीं दोषी पंपास नुसता तांबडा रंग फासून ठेवितात. दुसरें पाणी जवळ असेल तर त्या रंगास अर्थ आहे. तें दोन कोसांवर असेल तर बायका त्याच तांबड्या पंपाखालीं घागर लावतात.