पोटातला डग्लस

शेजारच्या काकू लातूरहून सोनोग्राफी करून आल्या. सुनेनं रिपोर्ट वाचून दाखवला: ‘पाउच ऑफ डग्लस’मध्ये पाणी नाही. काकू मला म्हणाल्या, “सर, माझ्या पोटात ह्यो डग्लस कोण बसलाय?” चाकूरची आमची गल्ली हसली. मला मात्र राग आला. जेम्स डग्लस हा अठराव्या शतकातला स्कॉटिश शरीरशास्त्रज्ञ. त्याच्या नावाची जागा म्हणजे गर्भाशय आणि गुदाशय यांच्यामधली खोलगट बेचकी. उभ्या बाईच्या उदरपोकळीत सगळ्यात खाली तीच, म्हणून रक्त असो की पू, साचायला तिथंच उतरतं. ‘गर्भाशयामागं पाणी नाही’ असं लिहिलं असतं, तर काकूंना विचारावं लागलं नसतं.

शरीरात अशीच आपली नावं ठेवून गेलेली फॅलोपियो, युस्टाकी ही मंडळी बारावीच्या पुस्तकातच भेटतात. त्यांना सोडून देऊ. खरा घोळ पुढं आहे. मेकेलची पिशवी आतड्याला असते आणि मेकेलची गुहा कवटीत. पिशवीचा मेकेल नातू, गुहेचा मेकेल आजोबा, आणि दोघांचंही नाव योहान फ्रीडरिष! आजोबाचं नाव नातवाला ठेवायची हौस फक्त आपल्याकडंच नाही.

दवाखाना चालवणारे माझे एक स्नेही या नावांची बाजू घेतात. नावं आटोपशीर असतात आणि त्यांच्यामुळं इतिहास टिकतो, असं त्यांचं म्हणणं. कोणता इतिहास? मी त्यांना डग्लसचं पहिलं नाव विचारलं, तर त्यांनी चहा मागवला. आटोपशीरपणाचं म्हणाल, तर कॅलोचा त्रिकोण घ्या. 1891 साली कॅलोनं सांगितलेल्या त्रिकोणाची एक बाजू म्हणजे पित्ताशयाची रोहिणी. आजचे बहुतेक सर्जन यकृताचा खालचा पृष्ठभाग ही वरची बाजू धरतात आणि ती रोहिणी त्रिकोणाच्या आत शोधतात. नाव जागेवर राहिलं, बांध सरकला. पित्ताशय काढताना चुकीची नळी कापली जाऊ नये म्हणून जिथं डोळ्यांत तेल घालून बघायचं, नेमकं तिथंच हे. 1955 साली पॅरिसला शरीररचनेच्या अधिकृत नामावलीतून माणसांची नावं वगळायचं ठरलं होतं. डॉक्टरांच्या तोंडातून ती गेली नाहीत.

मी नावांचे दोन प्रकार करतो. एक खुणेचं, एक आठवणीचं. नांदेडच्या सरकारी मेडिकल कॉलेजला शंकरराव चव्हाणांचं नाव आहे, पण पेशंट घेऊन निघालेला माणूस ‘विष्णुपुरीला नेतोय’ म्हणतो. पाटी आठवणीची, बोलणं खुणेचं. कुणाची अडचण होत नाही.

मराठवाड्यात बसून नावाचा विषय इतक्यावर मिटत नाही. 1978 च्या जुलैत मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव झाला आणि आमच्याच भागात दलितांची घरं जळली, माणसं मेली. ती माणसं पत्त्याच्या सोयीसाठी लढत नव्हती. पाटीवरचं नाव म्हणजे ‘आम्हीही आहोत’ हे सांगणं होतं. 14 जानेवारी 1994 ला नामांतराऐवजी नामविस्तार झाला. नवं नाव आलं, ‘मराठवाडा’ही राहिलं. अनेकांना ती तडजोड वाटली, आणि तसं वाटायला कारणही होतं.

हे लिहिताना डग्लसवरचा माझा राग जरा संशयास्पद वाटू लागला. समजा नाव आपल्या माणसाचं असतं तर? 1952 साली मुंबईत डॉ. भेंडे, देशपांडे आणि भाटिया यांनी एक वेगळाच रक्तगट शोधला, ‘लॅन्सेट’मध्ये तो छापून आला. त्याला नाव मिळालं ‘बॉम्बे’. डग्लसला बेचकी, भेंड्यांना काहीच नाही! इथं मी स्नेह्यांच्याही पुढं जाऊन नावासाठी भांडायला तयार आहे.

पण या गटाच्या रक्तात एच अँटिजेन नसतं. नेहमीच्या चाचणीत तो ‘ओ’ दिसतो आणि ‘ओ’ रक्त चढवलं तर जिवावर बेततं. रात्री दोन वाजता पिशवी हातात घेतलेल्या नर्सला ‘भेंडे’ काय आणि ‘बॉम्बे’ काय, दोन्ही सारखेच मुके. तिला ‘एच नाही’ एवढंच दिसायला हवं. तेव्हा मला नामविस्तारच मान्य करावा लागतो, विद्यापीठासाठी नव्हे, पिशवीसाठी: आधी ‘एच नाही’ ठळक अक्षरांत, मग खाली बारीक अक्षरांत भेंडे. आणि मग काकूंच्या रिपोर्टातही ‘गर्भाशयामागं’च्या पाठीमागं डग्लस बसला, तर बसू दे.