हरणं मोजून काय कळतं?

हरणांनी हरभरा फस्त केल्याची बातमी आली, की पाठोपाठ ठरलेलं उत्तरही येतं: माणसानं वाघ संपवला म्हणून हरणं माजली, वाघ परत आणा, निसर्ग आपला तोल आपण सांभाळेल. 'गोळ्या घाला' म्हणणाऱ्यांना एवढंच सांगावं, की गोळीनं कळप घटतो, शेताची वाट बंद होत नाही. नसबंदीवाल्यांनी आधी मोकळ्या रानातलं एक चितळ धरून दाखवावं. वाघवाल्यांचं मात्र काय करायचं? त्यांचं म्हणणं देखणं आहे आणि अर्धं खरंही आहे, म्हणून ते सहजासहजी हटत नाही.

त्यांचं तीर्थक्षेत्र म्हणजे अमेरिकेतलं यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान. १९९५-९६ मध्ये तिथं कॅनडातले लांडगे सोडले, एल्क जातीची हरणं घटली, विलोची झुडपं फोफावली, आणि नद्यांनी म्हणे पात्रं बदलली. एल्क घटले, हे खरं. पण त्याच काळात तिथं अस्वलं आणि प्यूमा वाढले होते, उद्यानाबाहेर शिकार चालू होती, दुष्काळही पडला होता. सारं श्रेय लांडग्याला देणं ही भक्ती झाली. विलोचं तर आणखी वेगळं निघालं. संशोधकांनी ओढ्याकाठी वर्षानुवर्षं कुंपणं घालून पाहिलं. एल्कला बाहेर ठेवलं तरी झुडपं पुरती सावरेनात. बीव्हर प्राण्यांनी ओढ्यात घातलेल्या बांधांमुळे वर येणारं भूजलच उरलं नव्हतं. लांडगा नसलेल्या सत्तर वर्षांत ओढे खोल गेले होते, आणि लांडगा काही ओढा भरून देत नाही. अमेरिकेतल्याच कायबाब पठारावरच्या हरणांची पाठ्यपुस्तकी गोष्टही अशीच: भक्षक मारले, हरणं लाखावर गेली, मग उपासमार. त्यातले आकडे भरवशाचे नाहीत, हे ग्रेम कॉग्ली यांनी १९७० मध्येच दाखवलं. तरी गोष्ट चालूच आहे.

आता आपल्याकडचं सागरेश्वर घ्या. सांगली जिल्ह्यातल्या या उजाड डोंगरांवर धों. म. मोहिते यांच्या पुढाकारानं झाडं वाढली, चितळ, सांबर, काळवीट आणून सोडले गेले, १९८५ मध्ये अभयारण्य झालं. भोवती कुंपण, कुंपणापलीकडे ऊस. हरणं वाढली, पिकात उतरू लागली, आणि जास्तीची चांदोलीला हलवावीत अशी चर्चा सुरू झाली. हलवावीत, हरकत नाही. पण 'जास्तीची' म्हणजे कशापेक्षा जास्तीची?

बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावर आलेले प्राणी मोजायचे, ही आपली जुनी रीत. तिथं एक चितळ म्हणजे एक आणि एक सांबर म्हणजेही एकच. पण चितळ मुख्यतः गवतावर जगतं, तर सांबर झाडपाल्याकडे अधिक वळतं. शंभर चितळांचा जंगलावर पडणारा भार आणि शंभर सांबरांचा भार एक नव्हे. पावसाळ्यात आणि वैशाखात तर त्याच कळपाचा भारही वेगळा असतो. माझा सगळा आग्रह या एका फरकापाशी येऊन थांबतो: हरणांची संख्या वेगळी आणि चराईचा दाब वेगळा. दाब ओळखायला पाणवठा सोडून झाडांकडे जावं लागतं. दाब फार झाला की बोरीची पानं हरणाचं तोंड पोचत नाही तिथपासूनच सुरू होतात, त्याखाली नुसत्या काटक्या. गुडघाभर रोपाचा शेंडा दरसाल खुडलेला, आणि म्हणून बगलेतून फुटलेले चार-पाच आखूड फुटवे. रोप वयानं मोठं, उंचीनं तेवढंच. म्हातारी झाडं उभी असतात, खाली त्यांची जागा घेणारं कोणी नसतं. दुरून पाहणाऱ्याला जंगल हिरवंगार दिसतं.

वाघ आला तर हरणांची वागणूक बदलेल, हे मला मान्य आहे. शिकारी जनावराची भीतीही दाब हलवते. कदाचित तीच अधिक हलवत असेल. पण ते तपासायलाही रोपंच बघावी लागणार. म्हणून वनखात्याकडे मागणं एकच: अभयारण्यात ठिकठिकाणी दहा-दहा मीटरचे चौकोन कुंपण घालून राखा, शेजारी तेवढेच उघडे ठेवा, आणि दरवर्षी दोन्हींतली रोपं मोजून ते आकडे प्राणिगणनेसोबत छापा. वाघाची वाट बघत बसणाऱ्यांसाठी: सागरेश्वरचं क्षेत्र सुमारे अकरा चौरस किलोमीटर आहे, आणि एका वाघिणीलाही सहसा याहून मोठा मुलूख लागतो.