पितृपंधरवड्यातलं घर

"पंधरवडा चालू आहे साहेब, गिऱ्हाईक फिरकत नाहीये. आत्ता बोललात तर पार्टी खाली येईल."

एजंटचा हा फोन १९ सप्टेंबर २०१९ला सकाळी आला. गुरुवार होता. भोसरी-चाकण पट्ट्यात बऱ्याच कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, म्हणून घरं बघायचा आमचा वारही तोच. मोशीतल्या एका रिसेल टू बीएचकेचे मालक ४२ लाख मागत होते. सर्वपित्री अमावस्येला नऊ दिवस उरले होते. मग नवरात्र बसणार, दसरा येणार, गिऱ्हाइकं परत फिरायला लागणार आणि भाव चढणार, असा एजंटचा हिशोब.

आईला गावी फोन केला. ती म्हणाली, "पंधरवड्यात आपण नवं कापड अंगाला लावत नाही, आणि तू घर घ्यायला निघालास?" मी म्हटलं, नुसतं बघतोय. ते खोटं होतं. पंधरवडा आहे म्हणूनच मी निघालो होतो. माझा पितरांवर विश्वास नाही, पण तो असणाऱ्यांमुळे पडलेल्या भावावर पक्का होता.

घर कधी घ्यावं याचं उत्तर आपल्याकडे सगळ्यांपाशी तयार असतं. घरच्यांना साडेतीन मुहूर्तांपैकी एखादा हवा असतो. बिल्डरलाही तोच हवा असतो, पाडव्याला आणि दसऱ्याला पेपरात पानपानभर जाहिराती उगाच येत नाहीत. हिशोबातला मित्र सांगतो, ३१ मार्चच्या आत उरक, १ एप्रिलला रेडी रेकनरचे दर वाढले तर मुद्रांक शुल्कही वाढेल. कँटीनमध्ये कुणीतरी हमखास म्हणतं, मंदीत घे. हे सगळे सल्ले भावाबद्दलचे असतात. घर स्वतःबद्दल खरं कधी सांगतं, हे कुणी सांगत नाही.

माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे, की घर भर पावसात बघावं. मे महिन्यात सगळ्याच भिंती सज्जन दिसतात. जुलैत पश्चिमेच्या भिंतीला हात लावला की कळतं. पार्किंगमध्ये पाणी कुठे साचतं, लिफ्टच्या खड्ड्यात पंप लावावा लागतो का, नाशिक रस्त्यावरून आत वळल्यावर डांबर कुठे संपतं आणि चिखल कुठे सुरू होतो, हे ब्रोशरमध्ये नसतं. वॉचमनशी दोन मिनिटं बोललात तर उरलेलंही कळतं. नव्या इमारतीत ताबा मिळाल्यापासून पाच वर्षं बांधकामातले दोष बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचे असतात, असं रेरा कायदा सांगतो. म्हणजे पाच पावसाळे. मी बघत होतो ती इमारत त्याहून जुनी होती, तिची परीक्षा मलाच घ्यायची होती.

अर्थात पावसाळाही सगळं सांगत नाही. त्या वर्षी पवना धरण भरलं होतं, सोसायटीची टाकी वाहत होती, पाण्याबद्दल विचारावं हे माझ्या डोक्यातही आलं नाही. २५ नोव्हेंबरला महापालिकेने शहरात दिवसाआड पाणी सुरू केलं. आणि काही ऋतू तर दरवर्षी येतच नाहीत. नदीची निळी पूररेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरावरून आखतात. मोशीच्या शेजारी, चिखलीत, इंद्रायणीच्या त्या रेषेच्या आत बांधलेले ३६ बंगले महापालिकेने १७ मे २०२५ला पाडले. आधी राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश झाला होता आणि सर्वोच्च न्यायालयातही दिलासा मिळाला नव्हता. पंचवीस वर्षांतून एकदा येणारा ऋतू बघायला माणसाने कुठल्या गुरुवारी जायचं? तो नकाशावरच बघावा लागतो, आणि मुहूर्त काढून देणारे शंभर असले तरी नकाशा काढून दाखवणारा सहसा भेटत नाही.

तर मोशीचं घर. मालक माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे, लातूरकडचे. चाकणच्या एका वेंडर कंपनीत होते. त्यातलं 'होते' मला एजंटने जिन्यातच सांगितलं. २०१९ हे वाहन उद्योगाच्या मंदीचं वर्ष. मोठ्या कारखान्यांनी ब्लॉक क्लोजर घेतले की सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कंपन्यांत आधी काँट्रॅक्टची माणसं कमी व्हायची, मग पर्मनंटवाल्यांची पाळी. "तीन हप्ते थकलेत, घाईत आहेत," एजंट म्हणाला. "चाळीसच्या खाली पण येतील." तेव्हा ही माहिती मला बक्षिसासारखी वाटली होती.

वहिनींनी चहा ठेवला. मी सराईतासारखा खिडक्या उघडून बघत होतो, नळ सोडून बघत होतो. आतल्या खोलीत पश्चिमेच्या भिंतीला लोखंडी कपाट होतं. माझं त्याच्याकडे लक्षही गेलं नव्हतं. मालकच म्हणाले, "दादा, जरा हात लावता का?" आम्ही दोघांनी कपाट सरकवलं. मागे छातीपर्यंत ओल चढली होती, रंगाचे पोपडे सुटले होते.

"दर पावसाळ्यात येते. नंतर तुम्ही म्हणायला नको, सांगितलं नाही."

त्या ओलीवरून मी आणखी एक लाख कमी करून घेतले. साडेसदतीसला ठरलं. फेब्रुवारीत बाहेरून वॉटरप्रूफिंग करून घेतलं, त्याला ३४ हजार लागले.

या प्रसंगावर दोन हजार वर्षांपूर्वीच वाद होऊन गेलाय, हे मला फार उशिरा कळलं. सिसेरोने इ.स.पू. ४४ साली अथेन्सला शिकणाऱ्या आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर एक पुस्तक लिहिलं. त्याच्या तिसऱ्या भागात असाच एक घर विकणारा माणूस आहे. घर रोगट आहे, खोल्यांत साप निघतात, लाकूड खराब आहे, आणि हे फक्त मालकाला माहीत आहे. त्याने गिऱ्हाइकाला सांगावं का? बाबिलोनचा डायोजेनीस म्हणतो, सक्ती नाही, गिऱ्हाइकाला डोळे आहेत. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, सांगितलंच पाहिजे. न सांगणं म्हणजे वाट चुकलेल्याला वाट न दाखवण्यासारखं. सिसेरो अँटिपेटरच्या बाजूचा. मोशीचे मालक यातलं काही न वाचता त्याच बाजूला उभे होते.

मग मी माझी जागा शोधली. थोडं पुढे स्काएव्होला नावाचा एक खरेदीदार भेटतो. त्याला जमीन घ्यायची असते. तो म्हणतो, एकच किंमत सांगा. विकणारा सांगतो. स्काएव्होला म्हणतो, माझ्या मते तिची किंमत जास्त आहे, आणि वर एक लाख सेस्टर्स देतो. यावर लोक म्हणत, माणूस सज्जन खरा, पण शहाणा नव्हे. सिसेरोला खटकतं ते हेच. सज्जनपणा आणि शहाणपणा अशा दोन वेगळ्या पेट्या केल्या, की सगळा घोटाळा तिथून सुरू होतो, असं त्याचं म्हणणं. आकडा तोच, एक लाख. त्याने वर दिले, मी खाली ओढले. आमच्या कँटीनमध्ये शहाणा मी ठरलो.

आपला कायदाही या वादात आहे. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५प्रमाणे, साध्या तपासणीत दिसणार नाही असा मोठा दोष मालकाला माहीत असेल तर त्याने तो सांगायचा असतो. खरेदीदारावरही तिथे एक बंधन आहे: विकणाऱ्याच्या हक्काबद्दल त्याला स्वतःला ठाऊक नसलेली, किंमत वाढवणारी गोष्ट आपल्याला माहीत असेल तर ती सांगावी. समोरच्याचे तीन हप्ते थकलेत हे माहीत असताना किती ताणावं, याबद्दल मात्र कलम काही बोलत नाही, आणि त्याने ते बोलावं असंही मला वाटत नाही. ते आपलं आपण ठरवायचं असतं, म्हणून तर अडचण होते.

माझ्या बाजूने सांगण्यासारखं आहेच. मी फसवलं नाही. मी घेतलं नसतं तर पुढच्याने आणखी पाडून मागितलं असतं, किंवा कुणीच घेतलं नसतं आणि बँकेची नोटीस आली असती. भाव पडतो तेव्हा कुणीतरी घेतोच, आणि मलाही वीस वर्षं हप्ता भरायचा होता. ४२चे साडेअडतीस झाले त्याचं मला आजही विशेष वाटत नाही. घासाघीस दोन्हीकडून झाली होती.

पण त्या शेवटच्या लाखाचा हिशोब वेगळा आहे. त्यातले ३४ हजार ओलीचे, ते न्याय्य. उरलेले ६६ हजार कशाचे? कपाट जागेवर राहिलं असतं तर ते पैसे त्यांच्याकडेच राहिले असते. खरं बोलल्याबद्दल मी त्यांच्याकडून दंड वसूल केला. आणि ते 'हो' म्हणाले याला तरी किती अर्थ होता? मला हे घर पटलं नसतं तर माझ्यापुढे दसरा होता, दिवाळी होती, पाडवा होता. त्यांच्यापुढे हप्त्याची पाच तारीख होती. पंधरवड्यात व्यवहार थांबवायचा असतो हे बँकेला कुणी कळवलं नव्हतं. चांगल्या हंगामाची वाट बघायला पाठीशी पगार लागतो. ज्याच्याकडे तो नसतो त्याचा वाईट हंगाम आपला चांगला हंगाम होतो.

आईसाठी करारनामा दसऱ्याला करायचा होता, तर त्या दिवशी नोंदणी कार्यालयाला सुट्टी. मुहूर्ताच्या दिवशी सरकार बंद. ९ ऑक्टोबरला सह्या झाल्या. अकरा महिन्यांतच, १ सप्टेंबर २०२०पासून, राज्य सरकारने मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी उतरवलं. साडेसदतीस लाखांवर ते होतात १ लाख १२ हजार ५००, माझ्या कमाईपेक्षा जास्त. गंमत म्हणजे ही सवलत नेमकी पितृपक्षाच्या तोंडावर आली आणि मागोमाग अधिक महिना होता. तरी ३१ डिसेंबरची मुदत जवळ आल्यावर नोंदणी कार्यालयांत गर्दी उसळली. तीन टक्के कमी झाले की पितर समजून घेतात.

६६ हजार परत करावेत असं दोनदा मनात आलं. त्यांचा नंबर आहे. केले नाहीत. एकदा वाटलं, त्यांना भीक दिल्यासारखं होईल; हे कारण मला फारच सोयीचं आहे हेही तेव्हाच कळलं.

परवा आमच्या लाइनवरचा एक नवा मुलगा विचारत होता, पंधरवड्यात घरं बघू का, स्वस्त मिळतात म्हणे. मी त्याला माहीत होतं ते सगळं सांगितलं. जुलैत एक चक्कर मार, पाणी नसलेल्या दिवशी एक मार, पूररेषेचा नकाशा बघ, कपाटं सरकवून बघ.

"आणि ते का विकतायत, ते विचार."

"ते कळलंय," तो म्हणाला. "कंपनीने बसवलंय त्यांना. म्हणून तर तुम्हाला विचारतोय, किती कमी मागू?"